केंसाहून बारीक यंत्रें

इसवी सन १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदराहून निघालेली हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी ठाण्यास पोंचली. तिला चौदा डबे होते, तीन एंजिनें जोडलेलीं होतीं, आणि सुमारें चारशें पाहुणे तींत बसलेले होते. तेव्हांपासून ‘यंत्र’ हा शब्द उच्चारतांच आपल्या भागांतील माणसाच्या डोळ्यांपुढें कांहीं तरी प्रचंड, अवजड व धडधडणारें उभें राहतें. आगगाडीचें एंजिन, गिरणीचें धुराडें, एके काळीं आगगाड्यांना वीज पुरविणारें ठाकुर्लीचें वीजघर, डोंबिवली-अंबरनाथकडील कारखाने, हीं सारीं आकारानें मोठीं. यंत्र जितकें मोठें तितकें त्याचें सामर्थ्य अधिक, असा आपला सामान्य समज झालेला आहे.

प्रस्तुत लेखांत ज्या यंत्रांची ओळख करून द्यावयाची आहे, तीं या समजुतीला धक्का देणारीं आहेत. तीं नुसत्या डोळ्यांस नीट दिसत नाहींत; त्यांचा आवाज ऐकूं येत नाहीं; मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेंत त्यांतील कित्येक शेंकड्यांनीं मावतात. असें असूनही माणसाचा जीव वांचविण्यासारखें मोठें काम त्यांजकडून करून घेण्याचे प्रयत्न चालूं आहेत, आणि त्यांतील एक प्रयत्न तर ठाण्यापासून अवघ्या कांहीं मैलांवर, पवईस झालेला आहे.

प्रथम मापाची कल्पना स्पष्ट करून घेऊं. विद्यार्थ्यांच्या फूटपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात. लगतच्या दोन खुणांमधील अंतराचे एक हजार सारखे भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रॉन असें म्हणतात. आपल्या डोक्याचा केंस सामान्यतः पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. रक्तांतील तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते. आपल्या विषयांतील यंत्रांचे हलणारे भाग एका मायक्रॉनापासून कांहींशें मायक्रॉनांपर्यंत असतात. त्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मेम्स’ असें सुटसुटीत नांव पडलें आहे. मराठींत आपण त्यांस सूक्ष्म विद्युत्-यांत्रिक साधनें म्हणूं. कारण त्यांत यंत्राचें हलणें व विजेचें वाहणें हीं दोन्ही एकाच लहानशा तुकड्यावर एकत्र नांदतात.

हीं साधनें आपल्या घरांत पूर्वींच येऊन बसलीं आहेत. मोबाइल फोन उभा होता तो आडवा धरला कीं त्यावरील चित्रही आपोआप आडवें होतें. फोनला हें कळतें कसें? त्याच्या पोटांत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच नाजूक कमानींवर टांगलेला असतो. फोन कलला कीं ठोकळा किंचित् सरकतो. ठोकळ्यास फणीसारखे दांते असतात व त्यांच्यामध्यें दुसऱ्या एका स्थिर फणीचे दांते बसविलेले असतात. ठोकळा सरकला कीं दांत्यांमधील अंतर बदलतें. अंतर बदललें कीं त्यांची वीज सांठविण्याची शक्ति बदलते. आणि तेवढ्या फरकावरून फोनला खालीं कोणती व वर कोणती बाजू हें समजतें. मोटारगाडीस टक्कर बसतांच क्षणार्धांत फुगणारी हवेची पिशवी अशाच साधनाच्या इशाऱ्यावर उघडते.

आतां कोणी म्हणेल कीं, मोठें यंत्र होतें तें लहान केलें, त्यांत नवल तें काय? नवल असें कीं, वस्तु लहान होत गेली म्हणजे तिच्यावर सत्ता चालविणारे निसर्गनियम जरी तेच राहिले, तरी त्यांतील बलाबल अगदीं पालटून जातें. भूमितीचें साधें उदाहरण घ्या. एका घनाची बाजू दहापट लहान केली तर त्याचा पृष्ठभाग शंभरपट लहान होतो, परंतु घनफळ, आणि म्हणून वजनही, हजारपट लहान होतें. म्हणजे वजनाच्या मानानें पृष्ठभाग दहापट वाढला. बाजू हजारपट लहान केली तर हें प्रमाण हजारपट वाढतें. यामुळेंच मुंगी माडाच्या शेंड्यावरून पडली तरी तिला इजा होत नाहीं. तिचें वजन नगण्य व त्या मानानें तिला अडविणारी हवा पुष्कळ. उलट पाण्याचा एक थेंब तिला कैद करून ठेवतो. आपण स्नान करून बाहेर पडलों म्हणजे अंगावर राहिलेल्या पाण्याचें ओझें आपणांस जाणवतही नाहीं. पण भिजलेल्या माशीच्या अंगावरील पाणी तिच्या स्वतःच्या वजनाहून भारी असतें.

सूक्ष्म यंत्र बांधणाऱ्याची स्थिति या माशीसारखी आहे. भाग तुटून पडेल ही भीति त्याला फारशी नसते, परंतु तो शेजारच्या भागास चिकटून बसेल ही भीति मात्र सतत असते. यंत्र तयार झाल्यावर धुतलें आणि साध्या रीतीनें वाळविलें, तर आटत जाणारा पाण्याचा शेवटचा अंश अधांतरीं असलेल्या पट्टीला खालीं ओढून तळाशीं चिकटवितो आणि कित्येक आठवड्यांचें काम वायां जातें. म्हणून पाण्याच्या जागीं दाबाखालील कर्बद्विप्राणिद वायु भरतात, आणि द्रव व वायु हा भेदच उरणार नाहीं अशा स्थितींत त्यास नेऊन मग हलकेच सोडून देतात. द्रवाचा पृष्ठभागच राहिला नाहीं म्हणजे ओढणारें कोणी राहत नाहीं.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंतील पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनीं २९ डिसेंबर १९५९ रोजीं एक व्याख्यान दिलें. सूक्ष्माच्या राज्यांत अजून अफाट जागा रिकामी पडलेली आहे, असा त्याचा मथितार्थ होता. एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या घनांत मावेल अशी विजेची मोटर करून दाखविणारास त्यांनीं एक हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. यासाठीं एखादी नवीन युक्ति कोणास तरी शोधून काढावी लागेल अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु दुसऱ्याच वर्षीं विल्यम मॅक्लेलन नांवाच्या एंजिनियरानें सूक्ष्मदर्शकाखालीं, केवळ हस्तकौशल्याच्या बळावर ती मोटर बनविली व बक्षीस मिळविलें. नवी युक्ति निघाली ती पुढें, विजेच्या उपकरणांसाठीं सिलिकॉनवर नक्षी उठविण्याच्या कलेंतून. सिलिकॉन दाबला किंवा ताणला असतां त्याचा विद्युत्-अवरोध बदलतो हें चार्ल्स स्मिथ यांनीं १९५४ सालींच दाखविलें होतें. पुढें १९८२ सालीं कर्ट पीटरसन यांनीं एका विस्तृत निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, सिलिकॉन हा विजेच्या कामाचा पदार्थ तर आहेच, पण यंत्राचे भाग करण्यासही तो उत्तम होय. सिलिकॉनचा शुद्ध स्फटिक बळकटपणांत पोलादाच्या पंक्तीस बसतो, वजनानें पोलादाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असतो, आणि कितीही वेळां वांकविला तरी कायमचा वांकडा न होतां पूर्वस्थितीस येतो. असा गुणी पदार्थ मिळतो मात्र साध्या गारेच्या वाळूंतून.

मायक्रॉनाच्या मापाचा भाग कानशीनें घांसून किंवा छिन्नीनें कोरून होत नाहीं. तो प्रकाशानें कोरावा लागतो. सिलिकॉनच्या चकचकीत तबकडीवर प्रकाशानें पालटणाऱ्या एका लेपाचा पातळ थर देतात. त्यावर नक्षी काढलेली कांच धरून अतिनील प्रकाश टाकतात. रांगोळीच्या जाळींतून जशी छिद्रांच्या जागींच रांगोळी पडते, तसा नक्षीच्या मोकळ्या जागींच प्रकाश पडतो, आणि तेवढाच लेप पालटतो. नंतर तबकडी द्रावणांत बुडविली म्हणजे पालटलेला लेप धुवून जातो व त्या जागीं सिलिकॉन उघडा पडतो. मग तीव्र रसायनानें तेवढाच भाग खाऊन टाकतां येतो. पण हवेंत अधांतरीं राहणारी पट्टी कशी करावयाची? येथें गवंड्याची युक्ति उपयोगी पडते. कमान बांधतांना गवंडी आधीं खालीं लांकडी सांगाडा उभा करतो, त्यावर दगड रचतो, आणि चुना धरला कीं सांगाडा काढून घेतो. त्याचप्रमाणें येथेंही आधीं एक बळीचा थर पसरतात, त्यावर पट्टीचा थर चढवितात, आणि शेवटीं बळीचा थर रसायनानें विरघळवून टाकतात. पट्टीचें एक टोंक तबकडीस घट्ट राहतें व बाकीची पट्टी मोकळी होते.

हें सर्व काम ज्या दालनांत चालतें तेथें धुळीच्या एका कणासही मज्जाव असतो. हवा सतत गाळून सोडलेली असते. आंत जाणारास डोक्यापासून पायांपर्यंत झांकणारा पोषाख घालावा लागतो. कारण धूळ पाडणारा मुख्य प्राणी स्वतः माणूसच आहे. जेथें लेप हाताळावयाचा असतो तेथें दिवेही पिवळे असतात, कारण निळ्या-जांभळ्या प्रकाशानें लेप पालटून बिघडेल. आपल्या टेबलावरचा धुळीचा कण या यंत्रांच्या जगांत शेतांत येऊन पडलेल्या धोंड्याएवढा ठरतो.

यंत्र तयार झालें; परंतु तें जें कांहीं हलतें तें पाहावयाचें कसें? पट्टीचें टोंक मायक्रॉनाच्या हजाराव्या भागाएवढें वांकलें, हें कोणत्या फूटपट्टीनें मोजावयाचें? येथें प्रकाश मदतीस धांवतो. उन्हांत आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा पाडण्याचा खेळ आपण सर्वांनीं केलेला आहे. आरसा जरासा कलला कीं कवडसा सबंध भिंतभर पळतो. याचें कारण, आरसा जितक्या अंशांनीं फिरतो त्याच्या दुप्पट अंशांनीं परावर्तित किरण फिरतो, आणि भिंत जितकी लांब तितकें कवडशाचें सरकणें मोठें होतें. आरसा एकच अंश फिरविला तर तीन मीटर लांबच्या भिंतीवर कवडसा सुमारें साडेदहा सेंटिमीटर सरकतो. प्रकाशाचा किरण म्हणजे वजन नसलेली, कधीं न वांकणारी एक लांबलचक तरफच होय. इ. स. १९८६ मध्यें बिनिग, क्वेट व गर्बर या तीन शास्त्रज्ञांनीं असा एक सूक्ष्मदर्शक प्रसिद्ध केला कीं, ज्यांत टोंकाला सुईसारखें अग्र असलेली एक बारीक पट्टी पदार्थाच्या पृष्ठभागावरून फिरविली जाते व तिच्या वांकण्यावरून अणूंएवढे चढउतार समजतात. पुढें या पट्टीच्या पाठीवर लेसरचा किरण टाकून त्याच्या कवडशावरून हें वांकणें वाचण्याची रीत रूढ झाली. मुलांचा खेळ तो हाच. फक्त आरसा केंसाएवढा झाला.

हीच गोष्ट उलट दिशेनेंही साधली आहे. हलणारी पट्टी प्रकाशानें वाचतां येते, तर हलणाऱ्या पट्टीकडून प्रकाश हवा तिकडे वळवितांही आला पाहिजे. अमेरिकेंतील टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींतील लॅरी हॉर्नबेक यांनीं १९८७ सालीं अशी एक तबकडी सिद्ध केली कीं, तिच्यावर असंख्य चौकोनी आरसे ओळीनें बसविलेले असतात. त्यांचा एकेक आरसा सुमारें सोळा मायक्रॉन लांबीरुंदीचा होता व विजेच्या ओढीनें तो दहा-बारा अंश या बाजूस किंवा त्या बाजूस कलत असे. एका बाजूस कलला कीं प्रकाश भिंगांतून पडद्यावर जातो व तेथें उजेडाचा ठिपका उमटतो. दुसऱ्या बाजूस कलला कीं ठिपका काळा राहतो. सेकंदाला हजारों वेळां अशी उघडझांप करून, उजेडाचा काळ कमीअधिक केला म्हणजे मधल्या सर्व छटा मिळतात. आज अनेक चित्रपटगृहांत फिल्मची रिळें नाहींशीं होऊन जें चित्र आपण पाहतों तें अशा सुमारें बावीस लाख आरशांच्या डोलण्यानें बनलेलें असतें. या कामगिरीबद्दल हॉर्नबेक यांस २०१५ सालीं चित्रपटसृष्टींतील प्रसिद्ध ऑस्कर पुरस्कारही मिळाला. २५ डिसेंबर २०२१ रोजीं अंतराळांत पाठविलेल्या जेम्स वेब दुर्बिणींतही अशाच सूक्ष्म खिडक्यांची एक जाळी आहे. एकेक खिडकी शंभर मायक्रॉन रुंद व दोनशें मायक्रॉन लांब. अशा सुमारें अडीच लाख. ज्या तारकापुंजाचा प्रकाश तपासावयाचा तेवढीच खिडकी उघडी ठेवून बाकीच्या मिटून घेतात, आणि अशा रीतीनें एकाच वेळीं शंभराहून अधिक दूरस्थ ज्योतींचा प्रकाश पृथक्करणास घेतां येतो.

आतां आपल्या घराजवळ येऊं. ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडींत बसून कांजूरमार्गास उतरलें कीं पवईच्या तलावाकांठीं असलेली भारतीय तंत्रज्ञान संस्था लांब नाहीं. ही संस्था १९५८ सालीं स्थापन झाली. केंद्र सरकारच्या साहाय्यानें २००६ सालीं मुंबईची ही संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनाचीं केंद्रें उभारण्यास आरंभ केला. वर वर्णन केलेलीं निर्धूळ दालनें व प्रकाशानें कोरण्याचीं यंत्रें पवईस त्यामुळें उपलब्ध झालीं, आणि देशांतील इतर महाविद्यालयांच्या संशोधकांनाही तेथें येऊन काम करण्याची सोय करण्यांत आली. परदेशांत जाऊनच हें काम करतां येईल, ही पूर्वींची अडचण त्यायोगें पुष्कळ अंशीं दूर झाली.

पवईस ज्या एका साधनावर विशेष परिश्रम झाले तें म्हणजे सूक्ष्म पट्टी. पोहण्याच्या तलावावर उडी मारण्यासाठीं एका टोंकास घट्ट बसविलेली फळी असते. तिच्यासारखीच ही, परंतु कांहींशें मायक्रॉन लांबीची. तिच्या एकाच अंगास असें एक रसायन चोपडतात कीं, जें विशिष्ट पदार्थाच्या रेणूंनाच धरून ठेवील. ते रेणु येऊन चिकटले म्हणजे त्या अंगावर दाटी होते, तें अंग ताणलें जातें, आणि पट्टी किंचित् वांकते. पापड एका बाजूनें आधीं वाळला म्हणजे जसा वाकडा होतो, तसाच हा प्रकार. पट्टी वांकली याचा अर्थ तो पदार्थ हवेंत किंवा रक्ताच्या थेंबांत आहे.

या संशोधनांत प्राध्यापक व्ही. रामगोपाल राव व त्यांचे सहकारी अग्रेसर होते. त्यांनीं दोन गोष्टींकडे विशेष लक्ष पुरविलें. पहिली ही कीं, सिलिकॉन गुणी असला तरी ताठ आहे. तेव्हां अल्प ताणानेंही वांकावी म्हणून त्यांनीं पट्टी प्लास्टिकच्या जातीच्या, सिलिकॉनहून तीसएक पटींनीं लवचिक अशा पदार्थाची केली. अशी पट्टी बनविण्यास खर्चही कमी. दुसरी गोष्ट वाचनाची. कवडशाची रीत प्रयोगशाळेंत उत्तम. परंतु लेसर, भिंग व स्थिर टेबल हें सारें घेऊन गर्दींत कोठें फिरावयाचें? म्हणून त्यांनीं पट्टीच्या पोटांतच असा एक थर घातला कीं, पट्टी वांकतांच ज्याचा विद्युत्-अवरोध बदलतो. स्मिथ यांनीं १९५४ सालीं पाहिलेला गुणधर्म येथें असा कामास आला. हृदयविकाराचा झटका आल्यावर रक्तांत जीं विशिष्ट प्रथिनें उतरतात, तीं अशा पट्टीनें ओळखण्याचेही प्रयोग तेथें झाले.

या कामाचें दुसरें फळ आपल्या भागांतील प्रत्येक कुटुंबाच्या काळजाशीं निगडित आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील लाखों माणसें रोज सकाळीं लोकल गाडीनें कामास जातात व रात्रीं परत येतात. १३ मार्च २००३ रोजीं मुलुंड स्टेशनांत शिरणाऱ्या गाडीच्या डब्यांत बाँबचा स्फोट झाला. पुढें ११ जुलै २००६ रोजीं संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीं पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत एकामागून एक सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या दिवशीं किती घरांत जेवणाचीं पानें वाढून तशींच राहिलीं असतील याची कल्पनाही करवत नाहीं. स्फोटक द्रव्य हाताळणाराच्या हातावर, पिशवीवर, कपड्यांवर त्याचा अत्यल्प अंश राहतोच. तो हुंगून काढण्याचें काम शिकविलेले कुत्रे करतात. परंतु कुत्रा थकतो, त्यास विश्रांति द्यावी लागते, आणि असे कुत्रे थोडे. यंत्रें होतीं, पण तीं बव्हंशीं परदेशांतून आणलेलीं व महाग.

पवईच्या संस्थेच्या छत्राखालीं वाढलेल्या नॅनोस्निफ या कंपनीनें अशा सूक्ष्म संवेदकांवर आधारलेलें स्फोटक-शोधक यंत्र तयार केलें, आणि ९ एप्रिल २०२१ रोजीं त्याचें प्रकाशन झालें. संशयित वस्तूवर फिरविलेली पट्टी यंत्रांत घातली असतां दहा सेकंदांच्या आंत तें उत्तर देतें, व नॅनोग्रॅमाच्या मापाचा अंश ओळखतें, असें त्याच्या कर्त्यांचें सांगणें आहे. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. खाण्याच्या बारीक मिठाच्या एका कणाचे हजारों तुकडे करावे, तेव्हां त्यांतील एक तुकडा एवढ्या वजनाचा होईल.

येथें एक प्रश्न विचारी वाचकाच्या मनांत येईल: असें यंत्र असतां स्टेशनावर भय उरूं नये. परंतु गोष्ट इतकी सोपी नाहीं. विमानतळावर उतारूंना रांगेंत उभें करून एकेकाची पिशवी तपासतां येते. डोंबिवलीच्या फलाटावर सकाळीं आठ वाजतां एकेका माणसास दहा सेकंद थांबविलें तर रांग थेट पुलावरून रस्त्यावर जाईल. दुसरें असें कीं, यंत्र जितकें तीक्ष्ण तितकें तें निरपराधी वस्तूवरही ओरडण्याचा संभव अधिक. कांहीं औषधांत व खतांत स्फोटक द्रव्यांचे सगेसोयरे असलेले पदार्थ असतात. यंत्र वरचेवर व्यर्थ ओरडूं लागलें तर ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टींतल्याप्रमाणें खऱ्या वेळीं कोणी लक्ष देणार नाहीं. म्हणून तीक्ष्णपणा व विवेक हे दोन्ही गुण एकत्र आणणें, हेंच या संशोधनांतील खरें कठीण काम आहे. एकाच पदार्थास धरणारें व दुसऱ्यास झिडकारणारें रसायन शोधण्यांत कित्येक वर्षें जातात; पावसाळ्यांतील दमट हवेनेंही पट्टी वांकते, तें वांकणें वेगळें काढावें लागतें. यासाठीं एका चोपडलेल्या पट्टीशेजारीं एक कोरी पट्टी ठेवतात. दोघींच्या वांकण्यांत जो फरक पडेल तेवढाच खरा मानावयाचा.

दुसरें क्षेत्र आपल्या आणखी जवळचें आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं व पुन्हां २३ मे २०२४ रोजीं रासायनिक कारखान्यांत भयंकर स्फोट झाले. माणसें मेलीं, दूरवरच्या घरांच्या खिडक्यांच्या कांचा फुटल्या. विषारी किंवा ज्वालाग्राही वायूची गळती ओळखणारे सूक्ष्म संवेदक जगांत आज अनेक जातींचे तयार होतात. ते स्वस्त व लहान असल्यामुळें एका कारखान्यांत एकच ठेवण्याऐवजीं दहा ठिकाणीं दहा ठेवणें शक्य होतें. मात्र हें विसरूं नये कीं, संवेदक फक्त सांगतो. त्याचें ऐकून कारखाना थांबवावयाचा कीं नाहीं हें माणसासच ठरवावें लागतें. धोक्याचा दिवा लागलेला असतां तो बंद करून काम पुढें चालविणाऱ्या हातास कोणतेंही यंत्र अडवूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हें सारें दूरच्या प्रयोगशाळेंतील आहे असें समजूं नका. याचीं मूलतत्त्वें घरच्या घरीं, एक पैही खर्च न करतां पडताळून पाहतां येतात. पोलादी फूटपट्टी टेबलाच्या कडेशीं अशी दाबून धरा कीं, तिचा बराच भाग बाहेर राहील. मग तिचें टोंक खालीं दाबून सोडा. ती किती जलद डोलते तें पाहा. आतां टोंकास भिजवलेल्या कणकेचा लहानसा गोळा चिकटवून पुन्हां डोलवा. तिचें डोलणें मंदावलेलें दिसेल. न मोजतां, न तोलतां, केवळ डोलण्याच्या मंदपणावरून टोंकावर कांहीं तरी वजन आलें हें तुम्हांस समजलें. कांहीं सूक्ष्म पट्ट्या याच रीतीनें एखाद्या जंतूचेंही वजन करतात.

दुसरा प्रयोग कवडशाचा. उन्हें खिडकींतून टेबलावर येत असतील अशा वेळीं एक लहान आरसा टेबलावर सपाट ठेवा. त्याचा कवडसा वर छतावर किंवा दूरच्या भिंतीवर पडेल. त्याच्या कडेशीं पेन्सिलीनें हलकी खूण करा. आतां आरशाला स्पर्श न करतां, त्याच्यापासून वीतभर अंतरावर टेबलाची फळी हातानें दाबा. फळी वांकली असें डोळ्यांस मुळींच दिसणार नाहीं. परंतु कवडसा खुणेवरून हटेल, आणि हात काढतांच परत येईल. पवईस व जगांतील इतर प्रयोगशाळांत चाललेल्या मोठमोठ्या कामांचें बीज या कवडशांत आहे. पालकांनींही हे प्रयोग मुलांबरोबर करून पाहावे. टेबलाची मजबूत फळी बोटाच्या दाबानें वांकते हें स्वतः पाहिल्यावर पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

या विषयाकडे ज्याला वळावयाचें आहे त्यानें शाळेंतच कोणती तयारी करावी? पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे तिन्ही विषय येथें सारखेच लागतात. पट्टी किती वांकेल हें गणित सांगतें, ती कशानें वांकेल हें रसायन सांगतें, आणि वांकलेली कशी ओळखावी हें पदार्थविज्ञान सांगतें. याखेरीज एक गुण असा आहे कीं, जो कोणत्याही परीक्षेंत मोजला जात नाहीं: तो म्हणजे बारीकसारीक फरकाकडे दुर्लक्ष न करण्याची संवय. प्रयोगाच्या वहींत दोन आंकडे किंचित् निराळे आले म्हणजे ते एकसारखे करून लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो. त्यानें तसें करूं नये; फरक आला तसा लिहावा आणि तो कां आला असावा हें शिक्षकांस विचारावें. ज्यांनीं ज्यांनीं हीं सूक्ष्म यंत्रें घडविलीं, त्या सर्वांचें काम अशा किंचित् फरकांवरच उभें आहे.

असो. विषय विस्तृत आहे व जागा थोडी आहे. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील शाळांतून दर वर्षीं हजारों मुलेंमुली शिकून बाहेर पडतात, आणि त्यांपैकीं कित्येकांचे आईवडील रोज त्याच लोकल गाड्यांनीं प्रवास करतात, त्याच कारखान्यांच्या शेजारीं राहतात. गर्दींत वेळ न घेतां व व्यर्थ न ओरडतां धोका ओळखणारी पट्टी अजून पूर्णत्वास जावयाची आहे. तें काम आपल्याच भागांतील कोणा मुलाच्या किंवा मुलीच्या हातून पार पडावें अशी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतों.